नकाशाखोलीतली पाचवी

प्रिय फूटपट्टी,

केंद्र आलं होतं! आमच्या शाळेत! स्वतःच्या पायांनी, हातात मोजपट्टी घेऊन! हे वाक्य गेल्या काही आठवड्यांत शिपायाला, भाचीला, दूधवाल्याला आणि आरशाला सांगून झालंय, पण त्यातली गंमत एकालाही कळली नाही. भाची म्हणाली, "मावशी, सरकारचं माणूस शाळेत येणारच ना, त्यात एवढं काय?" आता या पोरीला काय सांगू? एकतीस वर्षांच्या नोकरीत मी केंद्र फक्त कागदावर पाहिलंय. मग वाटलं, ही बातमी पचवू शकेल अशी जगात एकच बाई आहे, आणि तिच्याशी मी नऊ वर्षं बोललेले नाही. माझं अक्षर आज जरा उड्या मारतंय, ते वयामुळे नाही. बावन्न म्हणजे काही वय नव्हे.

आधी ते नऊ वर्षांचं भिजत घोंगडं उरकून टाकते. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात आपण एका खोलीत दोन वर्षं काढली. तू धोब्याच्या यादीलासुद्धा समास आखायचीस म्हणून फूटपट्टी, आणि मी तोंड उघडलं की समोरच्याच्या चिंध्या व्हायच्या म्हणून कातरी. पुढे तू राजधानीत केंद्राच्या शिक्षण खात्यात गेलीस, मी फळ्यापाशी राहिले. आणि एके दिवशी तुझ्या सहीचं परिपत्रक आलं: प्रत्येक शाळेने दप्तरांचं सरासरी वजन दोन दशांश स्थळांपर्यंत कळवावं. आमच्याकडे वजनकाटा नव्हता. मी उत्तर धाडलं की मुलं आहेत, दप्तरंही आहेत, काटा तेवढा पाठवावा. तोवर अंदाज असा, की मुलं हलकी, दप्तरं जड आणि परिपत्रक सगळ्यांत जड. ते म्हणे तुमच्या बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं, तुझ्यासमोर, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मला हे वर्षभराने कळलं. तोवर तुझी पत्रं बंद झाली होती आणि माझा ताठा सुरू झाला होता. शिक्षकांच्या सभांमधून मी सांगत फिरायचे, शाळा कशी चालवायची हे इथल्या माणसांना कळतं, तिकडे बसून तक्ते भरणाऱ्यांना काय कळणार? टाळ्या पडायच्या गं. अजून पडतात. फक्त आता त्या ऐकवत नाहीत.

का, ते सांगते. आमची शाळा एकमजली, म्हणजे खाली एक आणि वर एक. खालच्या मजल्यावर अकरा वर्षांपूर्वी स्थानिक शिक्षण मंडळाचं कार्यालय "तात्पुरतं" आलं. तात्पुरत्याने बघता बघता चार खोल्या व्यापल्या, पडदे लावले, दारावर पितळी पाट्या ठोकल्या. आमच्या वाट्याला खाली उरली माझी खोली आणि तिला चिकटून असलेली नकाशाखोली. सगळे वर्ग वर, बावीस पायऱ्या चढून. कार्यालय वर नेता येत नाही, कारण अध्यक्षांचे गुडघे. माणूस वाईट नाही हं. मुलांच्या स्पर्धांना स्वतः जातात, प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात. पण गुडघे दुखरे, आणि त्या गुडघ्यांच्या सोयीसाठी दोनशे सत्तर मुलं रोज बावीस पायऱ्या चढतात, हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही विचित्र आहे असं कुणाच्या मनातच यायचं नाही. माझ्याही नाही.

मग आली ड्रायव्हर. हे तिचं नाव नाही, पोरांनी ठेवलेलं आहे. ती चाकांच्या खुर्चीवर असते आणि वळणावर तोंडाने हॉर्न वाजवते. दहा वर्षांची. चौथीपर्यंत तिचा बाप तिला पाठुंगळी घेऊन वर पोचवायचा, मागोमाग शिपाई खुर्ची आणायचा. गेल्या वर्षी एकदा शिपायाचा पाय घसरला. खुर्ची रिकामीच होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मंडळाचा ठराव झाला की विद्यार्थ्यास उचलून नेणे धोक्याचे असून ते तत्काळ बंद करावे. ठरावात ते बंद करून पुढे काय करावं याबद्दल अवाक्षर नव्हतं. ते माझ्यावर सोपवलं होतं. आणि मी, तुझी ही हुशार मैत्रीण, काय केलं? नकाशाखोलीत एक टेबल टाकलं, गुंडाळलेले नकाशे एका कोपऱ्यात उभे केले, विज्ञानाचा हाडांचा सापळा दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला, आणि पाचवीच्या मुलीला तिथे बसवलं. एकटीला. दिवसातून दोनदा कुणीतरी शिक्षक खाली उतरायचा, पानं द्यायचा, पानं घ्यायचा. अहवालात मी त्या खोलीला नाव दिलं, "स्वतंत्र मार्गदर्शन कक्ष". काय शब्द आहे, नाही? जिल्ह्याने त्याचं कौतुक केलं. शेजारच्या दोन शाळांनी तो उचलला. असे कित्येक महिने गेले.

आणि मग तक्रार आली. थेट केंद्राकडे गेलेली, निनावी. तुमचा तो नियम आहे ना, की इमारत अशी आहे म्हणून कुठल्याही मुलाला त्याच्या वर्गापासून वेगळं ठेवता येणार नाही, त्याचा दाखला देऊन. मजकूर असा, की या शाळेच्या मुख्याध्यापिका पाचवीच्या एका मुलीला कित्येक महिने अडगळीच्या खोलीत बसवत आहेत. अडगळीच्या! आता या कागदाचा प्रवास ऐक. केंद्राने तो राज्याला पाठवला, राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने मंडळाला, आणि मंडळाने माझ्याकडे, "अभिप्रायासाठी". मंडळाच्या दारापासून माझ्या दारापर्यंत सोळा पावलं आहेत. कागदाला सहा दिवस लागले. म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार, तिनेच सांगायचं की तक्रार खरी की खोटी. तुमच्या खात्यातल्या कुणालाच यात काही खटकत नाही का गं?

आमच्या लेखनिकाकडे अशा वेळेसाठी शिक्का आहे. "तक्रारीत तथ्य नाही." त्याच्या आधीच्या लेखनिकाने करून घेतलेला, लाकडी मुठीचा, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. त्याने शाईची डबी उघडून शिक्का दाबून तयार ठेवला होता. मी म्हटलं, राहू दे, हाताने लिहिते. आणि लिहिलं, "तक्रारीत तथ्य आहे." सही, तारीख. लेखनिकाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला घाबरवू नये अशा हळू आवाजात म्हणाला, "बाई, घाईत काहीतरी चुकलंय." मी म्हटलं, नाही चुकलेलं. तो म्हणाला, "पण याला आपल्याकडे शिक्काच नाही!" मंडळाने कागद न वाचताच पुढे धाडला, कारण असल्या अभिप्रायात वाचण्यासारखं काही असतं असा कुणाचाच अनुभव नव्हता. जिल्ह्यानेही तसाच. राज्यात मात्र कुणीतरी वाचलं, बिचारं नवीन असेल. तिथून परत आलं: "अभिप्रायात लेखनदोष दिसतो, दुरुस्त करून फेरसादर करावा." मी फेरसादर केला. या वेळी "आहे"च्या खाली दोन रेघा मारल्या. तुझ्या फूटपट्टीने माराव्यात तशा, सरळ.

त्यानंतर आमच्या इमारतीत जो शोध सुरू झाला, त्यासारखा करमणुकीचा महिना मी अनुभवलेला नाही. तक्रार कुणी केली? अध्यक्षांचा संशय विज्ञानाच्या सरांवर, कारण त्यांना सापळा परत हवा होता. लेखनिकाचा संशय पाचवीच्या वर्गबाईंवर, कारण त्या गप्प होत्या. वर्गबाईंचा संशय लेखनिकावर, कारण तो फार बोलत होता. करमणूक संपली ती ड्रायव्हरची आई माझ्या दारात उभी राहिली तेव्हा. शिवणकाम करते, बोटाला सुयांच्या खुणा. मंडळातल्या कुणीतरी तिला गाठून विचारलं होतं, मुलीला या शाळेत ठेवायचं आहे ना? ती खुर्चीवर बसायलाही तयार होईना. "बाई, देवाशपथ सांगते, मी काही लिहिलं नाही. आम्ही कशाला लिहू? पोरीला खोली दिलीत, पंखा दिलात." मी म्हटलं, तुम्ही लिहिलेलं नाही हे मला पक्कं माहीत आहे. आणि त्याच पावली सोळा पावलं चालत जाऊन अध्यक्षांना सांगितलं, त्या बाईला पुन्हा कुणी विचारायला गेलं तर दुसऱ्या तक्रारीवर मी माझं नाव पत्त्यासकट लिहीन. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या की त्यांच्या? शाळा आपली, मुलं आपली. केंद्राने वरून येऊन नाक खुपसायचं कारण काय?" फूटपट्टे, शब्द अन् शब्द माझ्याच भाषणातले होते. त्यांनी ते पहिल्या रांगेत बसून ऐकले होते.

आणि केंद्र आलं. मला वाटलं होतं चारपाच माणसं येतील, गाडी, फायली. एकच बाई आली, तिशीतली, पाठीला सॅक, बसने. चहा विचारला तर म्हणाली, "आधी शाळा, मग चहा." सॅकमधून धातूची मोजपट्टी काढली आणि शाळा मोजायला लागली! दारांची रुंदी, पायरीची उंची, मंडळाच्या खोल्या, नकाशाखोली. माझी खोलीही मोजली. म्हणाली, यात अडतीस मुलं मावणार नाहीत, पण वीस मावतील, तुम्ही कधी मोजून पाहिलं होतं का? मी म्हटलं, नाही. तिने ते लिहून घेतलं. मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं आणि एवढं वाईटही.

नकाशाखोलीत आम्ही चौघं उभे, ती, अध्यक्ष, मी आणि सापळा. ड्रायव्हर टेबलाशी बसलेली. अध्यक्ष समजावून सांगत होते की मुलीची खास सोय केली आहे. "इथं तिला शांतता मिळते. वर काय, नुसता गोंगाट." ते बोलत असतानाच खिडकीच्या गजांबाहेर काहीतरी लोंबकळत खाली आलं. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून केलेली दोरी, आणि तिच्या टोकाला कंपासपेटी. पेटी गजावर दोनदा टकटकली. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, म्हणाली, "एक मिनिट हं," हात बाहेर काढून पेटी उघडली, आतली चिठ्ठी वाचली, मागे काहीतरी खरडलं, पेटी मिटली आणि दोरीला हिसका दिला. पेटी वर गेली. निरीक्षक बाईंनी विचारलं, काय होतं? "सातव्या गणिताचं उत्तर मागत होते. घाईत होते, बाई फळ्याकडे बघतायत तोवर हवं होतं." हे रोज चालतं का? "गणिताला ते पाठवतात, व्याकरणाला मी पाठवते. मला व्याकरण येत नाही." आणि उत्तर चुकलं तर? "मग सगळ्या वर्गाचं चुकतं. बाई म्हणतात, पाचवीची एकी बघण्यासारखी आहे." माझ्या शाळेत आठ महिने ही टपालसेवा चालू होती आणि मला पत्ता नव्हता! वर्गबाईंना होता. नाड्यांशिवाय फटक फटक बूट वाजवत फिरणारी पोरं बघून त्यांनी एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता. म्हणून त्या गप्प होत्या.

निरीक्षक बाई अध्यक्षांकडे वळल्या. आवाज न चढवता विचारलं, तुमचं कार्यालय खाली का आहे? अध्यक्ष खरं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "माझे गुडघे हो. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याची सोय खालीच करायला हवी, हे काय सांगायला पाहिजे?" बाईंनी ते शब्दशः लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यावर त्यांची सही मागितली. लेखणी टेकवताना त्यांना कळलं. ड्रायव्हरकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि सही केली. त्या सहीबद्दल त्यांचं एक मला मान्य करावं लागेल, हात मागे घेतला नाही.

नऊ दिवसांत आदेश आला, चार प्रतींत. मंडळाने चारही खोल्या वर्गांसाठी रिकाम्या करून आधी पाचवी खाली आणावी, बाकी कार्यालय पाचवीच्या जुन्या वर्गात वर न्यावं. अध्यक्षांनाही पायऱ्या चढायला लागू नयेत, त्यांचं टेबल खालीच, उपलब्ध खोलीत ठेवावं. बघ, तिने त्यांचे गुडघेही सोडले नाहीत. गेल्या सोमवारी पाचवी खाली उतरली. काय सांगू तुला तो देखावा! अडतीसातली सदतीस मुलं डोक्यावर बाकं घेऊन जिन्यावरून उतरताहेत, आणि खाली दारात अडतिसावी हॉर्न वाजवून वाहतूक सांभाळते आहे, "डावीकडून, डावीकडून! फळा आधी, फळा आधी!" विज्ञानाच्या सरांना सापळा मिळाला, त्याला ते हाताला धरून वर घेऊन गेले. आदेशाला तुमची जोडपत्रं होतीच, आणि शेवटच्या पानावर दप्तराच्या वजनाचा रकाना अजून आहे. मी स्वतः काटा आणला. तीन पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश किलो. मुलं खरंच फार ओझं वाहतात गं. मला माहीत नव्हतं.

उपलब्ध खोली म्हणजे नकाशाखोली. अध्यक्ष आता तिथे बसतात. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी आले, चौकट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, त्या खोलीत एकट्याला फार जड जातं हो. बाहेरचे आवाज येतात आणि आपण त्यांत नसतो." माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही झकास. मी त्यांना खुर्ची दिली.

आता हे पत्र का लिहिलं ते. आदेशाचं पाचवं कलम माझ्यासाठी आहे: मुख्याध्यापिकेने मुलीला आठ महिने वर्गाबाहेर ठेवल्याबद्दल येत्या वीस तारखेला राजधानीत समक्ष हजर राहून खुलासा करावा. नोंद सेवापुस्तकात जाईल, कदाचित पदही जाईल. यातून सुटायला मला एकच वाक्य पुरेसं आहे, आणि ते इतकं चवदार आहे की गेला महिना ते माझ्या तोंडात घोळतंय. तक्रार मी लिहिली होती. माझ्याविरुद्ध, मीच. नकाशाखोलीची आणि माझ्या खोलीची भिंत एकच आहे. एका दुपारी पलीकडून आवाज आले म्हणून मी कान दिला. ड्रायव्हर हजेरी घेत होती. सगळ्या पाचवीची, क्रमाने, पाठ. एक नंबर, हजर बाई. दोन नंबर, हजर बाई. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढत होती, एकाची सर्दीसुद्धा. सव्वीसवर थांबली. सव्वीस ती स्वतः. मग माझ्या आवाजात, हुबेहूब माझ्या, म्हणाली, "गैरहजर," आणि पुढे सत्तावीस. मी त्याच दुपारी टपालकचेरीत गेले. अर्जात एक रकाना होता, तक्रारदाराचं मुलीशी नातं. मी लिहिलं, शेजारी. हे सुनावणीत सांगितलं तर मी शूर ठरेन आणि सगळं खापर मंडळाच्या डोक्यावर फुटेल. पण ती खोली मीच लावली होती, तो शब्द मीच शोधला होता आणि त्यावर दर महिन्याला सही माझीच आहे. ते कुणीतरी माझ्या नावावर लिहायलाच हवं, आणि ते काम तुमचंच आहे. मी गप्प राहायचं ठरवलंय. माझ्या जिभेची मात्र खात्री नाही, ती तू दोन वर्षं जवळून पाहिली आहेस. म्हणून तुला सांगून टाकलं. एका माणसाला सांगून झालं की खाज जरा कमी होते. तू मध्ये पडू नकोस, कुणाला शब्द टाकू नकोस, जिन्यात दिसले तर ओळखही देऊ नकोस. फक्त एकोणिसाच्या संध्याकाळी मी तुझ्या दाराची घंटा वाजवीन. उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर आधी दोन शिव्या घाल, नऊ वर्षांच्या साचल्या असतील, आणि मग मला झोपायला जागा दे. सकाळी दहाला मला हजर व्हायचंय.

तुझीच,
कातरी